‘गुळाचं चालतं’ म्हणणाऱ्यांना

“मले शुगर हाय न, माह्या चहात गूळ टाकजो.”

आमच्या आसेगावात कुणाच्याही घरी दुपारच्या चहाला बसा, हे वाक्य कानावर पडतंच. बोलणारी साठीतली काकू असते, नाहीतर पानाला चुना लावत ओसरीवर बसलेले आबा असतात. आत सून मान डोलावते, भेलीचा सुपारीएवढा खडा फोडते आणि पातेलं खाली उतरवून त्यात सोडते. काकू तो चहा समाधानानं पिते. आपण पथ्य पाळलं, हे ते समाधान. मग कधीतरी मंगरुळपीरला किंवा वाशीमला रक्त तपासलं जातं, आकडा वर गेलेला असतो, आणि काकू शपथेवर सांगते, “साखर तं मी तोंडातबी घालत नाई.”

काकू खोटं बोलत नाही. तिला खोटं सांगितलं गेलंय. माझा राग तिच्यावर नाही, सांगणाऱ्यांवर आहे. मोबाइलवर रोज सकाळी फिरणारे निरोप, रस्त्याकडेच्या टपऱ्यांवरच्या ‘आरोग्यदायी गुळाचा चहा’ अशा पाट्या, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसून बुंदी बाजूला सारायला लावणारे आणि संध्याकाळी घरी गुळाचे लाडू आग्रहानं वाढणारे शहाणे पाहुणे, या सगळ्यांवर आहे. शिकलेली माणसंही यात आहेत, म्हणून राग जास्त आहे.

त्यांचं म्हणणं काय, ते आधी त्यांच्याच जोरात मांडतो. साखर म्हणजे पांढरं विष. ती कारखान्यात रसायनं घालून करतात, हाडांच्या कोळशातून गाळतात, इंग्रजांनी आपल्या माथी मारली. गूळ मात्र निसर्गाचा. त्यात लोह आहे, तो रक्त वाढवतो, पचन सुधारतो, आणि मधुमेह असलेल्यालाही चालतो, कारण त्यातली गोडी ‘नैसर्गिक’ आहे. आपले आजे-पणजे गूळ खात होते, त्यांना कुठे शुगर होती? साखर सोडा, गूळ धरा, मध चाटा, आजार पळतील.

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चूक आहे. ज्या ठिकाणी थोडं खरं आहे, तिथे मापाचं भान नाही.

पहिला प्रश्न: गूळ म्हणजे काय? उसाचा रस काढला, कढईत आटवला, वर आलेला मळ काढला, ११५ अंश सेल्सिअसच्या आसपास पाक आला की साच्यात ओतला, गार झाला की गूळ. रसातलं पाणी गेलं, बाकी बहुतेक सगळं तिथेच राहिलं. आता उसाच्या रसात पाण्याखालोखाल सर्वांत जास्त काय असतं? साखर. कढईखाली जाळ लावल्यानं ती कुठे जाईल? गुळाचा साधारण ६५ ते ८५ टक्के भाग सुक्रोज असतो, म्हणजे डब्यातल्या साखरेत असतो तोच पदार्थ. वर आणखी १० ते १५ टक्के ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, म्हणजे सुक्रोज फुटून झालेल्या दोन लहान साखरा. उरलेल्यात थोडं पाणी, थोडे क्षार, थोडी रंगद्रव्यं आणि गुळाला त्याचा खमंग वास देणारे पदार्थ. कारखाना काय करतो? तोच रस निवळवतो, आटवतो, त्यातले सुक्रोजचे स्फटिक वेगळे करतो आणि काळी काकवीसारखी मळी बाजूला काढतो. म्हणजे गूळ ही मळीसकटची साखर आहे आणि साखर हा मळी काढलेला गूळ आहे. यापलीकडे दोघांत फारसा भेद नाही.

हे रसायनशाळेतलं वाटत असेल तर आपल्या फडताळाकडे या. गुळांबा आणि साखरआंबा, दोन्ही बरण्या उन्हाळ्यात भरल्या की वर्षभर टिकतात. का टिकतात? गोड पाक इतका दाट असतो की बुरशीला नि जंतूंना जगायला पाणीच मोकळं सापडत नाही, उलट त्यांच्या अंगातलं पाणी तो ओढून घेतो. हे काम गूळ करतो आणि साखरही करते, कारण काम करणारा पदार्थ एकच आहे. मुंगी भेलीला लागते तशीच साखरेच्या डब्यालाही लागते. तिनं कधी नैसर्गिक आणि कारखानी असा भेद केलेला पाहिला आहे का?

पावसाळ्यात भेली पाझरते, हे तर प्रत्येक घरात माहीत आहे. श्रावणात डब्याच्या तळाशी चिकट पाणी साठतं, साखर मात्र बऱ्यापैकी कोरडी राहते. असं का होतं? गुळातलं फुटलेलं ग्लुकोज आणि विशेषतः फ्रुक्टोज हवेतली ओल शोषून घेतं. म्हणजे गुळातल्या साखरेचा काही भाग आधीच फुटलेला आहे, याची ती डोळ्यांनी दिसणारी खूण आहे. आता यातून मधुमेही माणसासाठी काय निघतं ते पाहा. सुक्रोज पोटात गेलं की लहान आतड्यातलं एक विकर त्याचे दोन तुकडे करतं, मग ग्लुकोज रक्तात जातं. गुळात त्यातले काही तुकडे करण्याची मेहनतही शिल्लक राहिलेली नाही. ‘गूळ सावकाश चढतो’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी पाझरणाऱ्या भेलीकडे एकदा नीट पाहावं. चिक्कीवाले गूळ घेतात तो आरोग्यासाठी नव्हे. त्या फुटलेल्या साखरा मिसळलेल्या असल्यानं पाक थंड होताना दाणेदार होत नाही, काचेसारखा कडक राहतो. चिक्कीचा गूळ वेगळा मागून घेणाऱ्या बाईला हे पिढ्यान्‌पिढ्या कळतं. तिच्या चिक्कीला आरोग्याची पाटी लावणाऱ्याला मात्र कळत नाही.

आणि जीभ? जिभेवरच्या स्वादकळ्यांत गोडी ओळखणारी दोन प्रथिनांची एक जोडी असते, ती २००१ साली सापडली. त्या जोडीला सुक्रोज चिकटलं की मेंदूला निरोप जातो: गोड. मांजराच्या अंगात त्या जोडीतलं एक प्रथिन तयारच होत नाही, म्हणून दुधावर झडप घालणारं मांजर भेलीकडे ढुंकूनही पाहत नाही. हे २००५ साली सिद्ध झालं. आपल्याकडच्या जंगलात गुडमार नावाचा वेल आहे, त्यालाच मधुनाशिनी म्हणतात. त्याची दोन पानं चावून चघळा आणि वर साखर खा, वाळू खाल्ल्यासारखं वाटतं. अर्धा तास वगैरे गोडी मेलेली असते, खारट-आंबट मात्र तसंच लागतं. पानातली द्रव्यं त्याच जोडीला झाकून टाकतात, म्हणून. नावच बघा, गुडमार, गुळाला मारणारा. गुळाची गोडी ‘वेगळी, नैसर्गिक’ असती तर हा पाला साखरेची गोडी मारून गुळाची शिल्लक ठेवता ना? तो दोघांना एकाच झटक्यात मारतो. ज्याला अजून शंका असेल त्यानं हा प्रयोग करून पाहावा, पाच मिनिटांत निकाल लागतो.

‘पण गूळ साखरेपेक्षा कमी गोड असतो, म्हणून बरा,’ असाही एक बचाव ऐकतो. बरोबर, चमच्याला चमचा धरला तर गूळ थोडा कमी गोड आहे, कारण त्यात पाणी आणि क्षार आहेत. पण चहा आपण चमच्यानं करत नाही, जिभेनं करतो. जिभेला ओळखीची गोडी येईपर्यंत आपण गूळ टाकत राहतो, आणि ती गोडी आली तेव्हा कपात साखर तेवढीच झालेली असते. माणसाची जीभ हा साखर मोजणारा काटा आहे. त्याला रंग दाखवून फसवता येत नाही. काकूचा तो सुपारीएवढा खडा सहज १५ ग्रॅमच्या घरात जातो. दिवसातून तीन चहा म्हणजे ४५ ग्रॅम गूळ, आणि त्यात जवळपास ३८ ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली निरोगी माणसासाठी सांगितलंय की वरून घातलेली साखर रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर ५ टक्क्यांच्या, म्हणजे साधारण २५ ग्रॅमच्या आत. त्या मर्यादेत मध, पाक आणि फळांचे रससुद्धा धरलेले आहेत. ही निरोगी माणसाची मर्यादा. काकू मधुमेही आहे, आणि नुसत्या चहातच ती ओलांडून बसली आहे, तेही पथ्य म्हणून!

आता लोह. हा गुळवाल्यांचा हुकमाचा पत्ता आहे, आणि सगळ्यांत जास्त नुकसानही त्यानंच केलंय. गुळात लोह आहे, मान्य. किती आहे? शंभर ग्रॅम गुळात साधारण ४ ते ११ मिलिग्रॅम असे आकडे अन्नघटकांच्या तक्त्यांत मिळतात. ऊस, माती आणि कढई बदलली की आकडा बदलतो, कारण त्यातलं काही लोह लोखंडी कढईचंच असतं. आपण शंभर ग्रॅम खात नाही, १० ग्रॅम खातो. म्हणजे अर्धा ते एक मिलिग्रॅम. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं २०२० साली प्रौढ स्त्रीची रोजची गरज २९ मिलिग्रॅम सांगितली आहे. एक मिलिग्रॅमनं २९ ची भरपाई कशी होणार? आणि वनस्पतीजन्य लोह अंगात शोषलं जातं ते थोडंच. लिंबू पिळलं, आवळा खाल्ला तर जास्त, चहा प्यायला तर आणखी कमी, कारण चहातली तुरट द्रव्यं लोहाला धरून ठेवतात. म्हणजे लोह मिळावं म्हणून गुळाचा चहा पिणं, ही एका हातानं देऊन दुसऱ्या हातानं काढून घ्यायची रीत झाली.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. आपल्या घरांत दर दोन बायकांमागे एकीहून जास्त. सोयाबीनच्या काढणीत दिवसभर वाकून उभ्या असलेल्या, घरी येऊन चुलीपुढे बसणाऱ्या, सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या या बायका. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून लोहाची गोळी मिळते, एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं, आणि ती १८० दिवस घ्यायची असते. गोळीनं मळमळतं, शौच काळं होतं, म्हणून ती फडताळात पडून राहते. आणि तेव्हा घरातलं कुणीतरी मोठं माणूस म्हणतं, “राहू दे गोळी, गूळ-शेंगदाणे खाय, रक्त वाढते.” एका गोळीएवढं लोह गुळातून घ्यायचं तर रोज किती गूळ लागेल? अर्धा किलो ते दीड किलो. कोण खाणार? आणि खाल्ला तर त्या बाईच्या रक्तातल्या साखरेचं काय होईल? आशाताई दारोदार फिरून गोळ्या देतात आणि मोबाइलवरचा एक निरोप ती सगळी पायपीट वाया घालवतो. मला हे सहन होत नाही. गूळ-शेंगदाण्यात जो कस आहे तो बहुतेक शेंगदाण्याचा आहे. तिळगुळात तिळाचा आहे. गूळ त्यांना एकत्र बांधतो, एवढंच त्याचं काम. ते तो उत्तम करतो.

‘साखरेत रसायनं असतात’ हा तिसरा आरोप. आपल्याकडचे बहुतेक कारखाने रसात चुन्याची निवळी आणि गंधकाचा धूर सोडतात, त्यानं गाळ खाली बसतो आणि रंग उतरतो. हाडांचा कोळसा ही काही परदेशी शुद्धीकरण कारखान्यांची पद्धत. ती आपल्या सहकारी कारखान्यांच्या माथी मारणं हे अज्ञान आहे. स्फटिक जमल्यावर साखर ९९ टक्क्यांहून अधिक शुद्ध सुक्रोज असते. ती पांढरी दिसते म्हणून तिला कुणी रंगवलंय किंवा धुतलंय असं समजू नका. खडीसाखरेचा एक खडा हातात घ्या, काचेसारखा आरपार दिसतो. तोच खलबत्त्यात कुटा, पांढरीशुभ्र पूड होते. तुम्ही त्यात कोणतं रसायन घातलंत? असंख्य बारीक कडांवर उजेड सगळीकडे उधळतो आणि डोळ्याला पांढरं दिसतं. धबधब्याचं पाणीही असंच पांढरं दिसतं.

आणि गूळ रसायनांपासून दूर आहे, हे कुणी सांगितलं? गुऱ्हाळातही रस निवळवायला चुना पडतो, चांगल्या गुऱ्हाळात रानभेंडीचा चिकट रस पडतो, आणि भेली पिवळीधमक दिसावी म्हणून अनेक ठिकाणी ‘हायड्रोस’ पडतं, तेही गंधकाचंच संयुग. ते का घालावं लागतं? कारण बाजारात आपण पिवळी भेली उचलतो आणि काळपट तांबडी भेली नाकारतो. न रंगवलेला गूळ तांबूस-काळसरच असतो. गोऱ्या साखरेला नावं ठेवणारा माणूस गोऱ्या गुळाची निवड करतो, आणि गुऱ्हाळवाल्याला रसायन घालायला तोच भाग पाडतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते त्याच्या मातीचं, पाण्याचं आणि कारागिरीचं मोल आहे. त्या कारागिरीचा मान राखायचा असेल तर गुळाला औषध म्हणून विकणं बंद करा, त्याच्या चवीसाठी विका. ती चव कुणाला नाकारता येईल?

‘गूळ आपला, साखर परक्यांची’ या म्हणण्यानं तर मी थक्क होतो. साखर हा शब्द ‘शर्करा’ या संस्कृत शब्दातून आला, आणि अरबी-फारसीतून तो पार युरोपच्या भाषांत गेला. ‘खंड’ हा आपलाच शब्द, त्यातून इंग्रजांचं ‘कँडी’ झालं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारात साठवायच्या जिनसांत फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा अशी उसाच्या पदार्थांची यादीच आहे, काकवीपासून स्फटिकापर्यंत. इंग्रज इकडे यायच्या कैक शतकं आधी, इसवी सन ६४७ च्या सुमारास, चीनच्या तांग बादशहानं साखर करण्याची विद्या शिकायला माणसं मगधात पाठवली होती. स्फटिक साखर ही या भूमीनं जगाला दिलेली विद्या आहे. आणि गूळ तरी फक्त आपला कुठे आहे? कोलंबियात तोच ‘पानेला’ म्हणून खातात, जपानच्या ओकिनावात काळा गूळ करतात. आपल्या पूर्वजांची सगळ्यांत कठीण कामगिरी म्हणजे रसातून शुद्ध स्फटिक वेगळा काढणं. तीच परक्यांच्या नावावर लिहून टाकायची, आणि त्याला स्वदेशीचा अभिमान म्हणायचं?

‘विष’ हा शब्द मला सगळ्यांत जास्त खटकतो, कारण त्यानं माणसं मरू शकतात. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते लोकांना तोंडानं पाजायला सुरुवात केली. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. आतड्याच्या भिंतीत असं एक दार आहे की ते मीठ आणि ग्लुकोज जोडीनं आले तरच उघडतं, आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत येतं. साखर नसेल तर नुसतं मिठाचं पाणी जुलाबात तसंच वाहून जातं. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, एवढ्यावर आज लाखो पोरं जगतात. जुलाबानं डोळे खोल गेलेल्या बाळाची आई ‘पांढरं विष नको’ म्हणून साखर घालायची राहिली, तर त्या बाळाचं काय?

मधुमेही माणसाचीच दुसरी वेळ बघा. गोळी घेतली, इंजेक्शन घेतलं, जेवायला उशीर झाला, वावरात घाम फुटला, हात थरथरायला लागले, डोळ्यापुढे अंधारी. रक्तातली साखर खाली गेली आहे. अशा वेळी शुद्ध असेल तोवर ताबडतोब तीन चमचे साखर किंवा साखरेचं पाणी, हा त्याच्या जीवाचा उपाय आहे. ज्याच्या मनावर ‘साखर म्हणजे विष’ असं कोरलंय, त्याच्या खिशात त्या वेळी साखरेची पुडी असेल का? त्याच्या बायकोला ती देण्याचं धाडस होईल का? विष आणि औषध हे शब्द वापरायचे तर मापासकट वापरा. मापाशिवाय तो नुसता भीतीचा धंदा आहे.

मधाविषयी थोडक्यात. मधात जवळजवळ ८० टक्के साखराच असतात, मधमाशीनं फुलातून आणल्या एवढंच. मधुमेह्याला तो चालत नाही. आणि नवजात बाळाला मध चाटवायची जी रीत आहे ती आजच्या आज थांबायला हवी. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि त्यांच्या विषानं बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. खरं विष शोधायचं असेल तर ते इथे आहे. पण ‘नैसर्गिक’ ही चिठ्ठी लावली की त्याबद्दल कुणी बोलत नाही.

शेवटी उरतात आजे-पणजे. ‘ते गूळ खायचे, त्यांना शुगर नव्हती.’ नव्हती कशावरून? गावात रक्त तपासायची सोय कुठे होती? सुकत सुकत गेलेला म्हातारा ‘वयानं गेला’ म्हटला जाई. आणि जे खरंच निरोगी होते, ते गुळामुळे होते हे कुणी ठरवलं? आमच्याकडे पाहुण्याला उन्हातून आल्यावर गूळ-पाणी देत. दारात थांबलेल्या माणसाच्या हातावर गुळाचा लहानसा खडा, वर तांब्याभर पाणी. ते रोज नव्हतं. पुरण पोळ्याला, होळीला, अक्षय्य तृतीयेला. बाकी दिवस ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, आणि पहाटेपासून वखर, डवरा, कोळपणी, मैलोन्‌मैल पायी चालणं. त्या हाडामांसाच्या देहानं जी साखर खाल्ली ती दुपारपर्यंत जाळून टाकली. आज वखराच्या जागी ट्रॅक्टर आला, मळणीला थ्रेशर आलं, चालण्याच्या जागी दुचाकी आली, चहा दोनाचे पाच झाले, आणि गहू-तांदूळ रोजचे झाले. २०२३ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मोठ्या अभ्यासात देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचं दिसलं, आणि त्याहूनही जास्त लोक त्याच्या उंबरठ्यावर. यातले कित्येक खेड्यात राहतात. पणजोबांचा गूळ तर उचलला, त्यांचा वखर कोण उचलणार?

‘मग गूळ खाऊच नये का?’ असं विचारून मला कोपऱ्यात गाठल्याचं ज्यांना वाटतं, त्यांना सांगतो: खा. पुरणात गूळच हवा, संक्रांतीच्या लाडवात गूळच हवा, गुळवणीची सर कशालाच नाही. काकवीत बुडवलेली भाकर मला आजही सगळ्या मिठायांहून प्रिय आहे. जिथे त्याची चव लागते तिथे तो घाला, आणि घालताना ती साखर आहे हे मनात धरा. चहात गूळ आवडतो म्हणून घ्या, मात्र ते पथ्य आहे असं म्हणू नका. टपरीवर ‘चवदार गुळाचा चहा’ लिहा, मी स्वतः येऊन पिईन. ‘मधुमेहींसाठी चालतो’ लिहिलंत तर मी ती पाटी तुमच्या तोंडावर खोटी म्हणेन, कारण ती वाचून जो माणूस आत येतो त्याच्या पायाची जखम उद्या भरणार नाही, त्याच्या डोळ्याचा पडदा उद्या खराब होईल, त्याच्या मूत्रपिंडावर ताण येईल. ते बिल पाटी लिहिणारा भरणार नाही.

गूळ साखर आहे. मध साखर आहे. खडीसाखर, काकवी, उसाचा रस, पंगतीतली बुंदी आणि पाडव्याच्या गाठी, सगळी साखर आहे. काकूच्या रक्ताला भेलीचा रंग दिसत नाही, गुऱ्हाळ आणि कारखाना यांतला फरक कळत नाही, देशी-परदेशी कळत नाही. त्याला ग्रॅम कळतात.

काकूची सून हे वाचणार असेल तर तिला एवढंच सांगणं आहे: आज दुपारी आईंसाठी भेली फोडशील तेव्हा तो खडा पातेल्यात टाकण्याआधी एकदा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून पाहा, आणि आकडा त्यांनाही दाखव.